मार्कोनीसाहेबांचा स्क्वेल्च

डोंबिवलीला समुद्र नाही असं कुणी म्हटलं तर डोंबिवलीकर भांडत नाही. तो तुम्हाला रिक्षात घालतो आणि मोठागावच्या रेतीबंदरावर नेऊन उभं करतो. समोरचं पाणी नदीचं की खाडीचं यावर तिथल्या तिथे दोन मतं पडतात. पण ते पुढे वसईला समुद्राला मिळतं यावर एकमत असतं, आणि तेवढ्यावर डोंबिवली बंदर ठरते. कल्याणकर हे सगळं शांतपणे ऐकून घेतो. त्याच्याकडे दुर्गाडी आहे. 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्याच खाडीत महाराजांनी आरमाराची जहाजं बांधायला घेतली, एवढं एक वाक्य त्याने टाकलं की डोंबिवलीकराला रिक्षा परत फिरवावी लागते. ठाणेकर या वादात पडतच नाही. चेंदणीचा कोळीवाडा आणि 1853 ची रेल्वे या दोन्ही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर असल्या की माणसाला वाद घालायचं काही कारण उरत नाही.

त्यातच 2016 च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झाला. तेव्हापासून ‘आता बोटीनेच जायचं’ हे वाक्य आमच्याकडे सकाळच्या फास्टमध्ये, एका पायावर उभं राहून, नियमाने बोललं जातं.

या सगळ्या दर्यावर्दी मंडळींत खरोखर समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस आमच्या इमारतीत एकच आहे. तिसऱ्या मजल्यावरचे मार्कोनीसाहेब. हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. जहाजावर वायरलेस सांभाळणाऱ्या रेडिओ ऑफिसरला आपले खलाशी पूर्वी ‘मार्कोनीसाहेब’ म्हणत. कॅप्टन बदलले, जहाजं बदलली, पण मार्कोनीसाहेब हा मार्कोनीसाहेबच. मग 1 फेब्रुवारी 1999 उजाडला आणि जगभरच्या जहाजांवर नवी संकटयंत्रणा पूर्णपणे लागू झाली. झाकणाखालचं लाल बटण काही सेकंद दाबून धरायचं, की जहाजाचा नऊ आकडी नंबर (आपल्याकडचे 419 ने सुरू होतात) आणि ठावठिकाणा 70 नंबरच्या चॅनेलवरून आपोआप सुटतो. कानाला हेडफोन लावून कट्ट-कडकट्ट ऐकत बसणाऱ्या माणसाची गरज संपली. साहेब घरी आले.

‘जहाज तिकडेच राहिलं, आवाज तेवढा घरी आला,’ असं काकू म्हणतात. काकू म्हणजे सौ. मार्कोनीसाहेब.

घरी आल्यावर साहेबांनी गॅलरीत एक टेबल टाकलं आणि मच्छीमार बोटींवरचे व्हीएचएफ संच दुरुस्त करायला घेतले. उत्तन, वर्सोव्याकडचे तांडेल पिशवीत संच घालून डोंबिवलीला येऊ लागले. पिशवीत पापलेटही असायचं, त्यामुळे काकूंनी या धंद्याला विरोध केला नाही. या टेबलाशेजारी स्टुलावर बसून मी जे काही ऐकलं त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. बोटीवरच्या रेडिओत आवाजावर ज्या म्हणून प्रक्रिया करतात, त्यांतली एकही आवाज गोड करण्यासाठी नसते. सगळ्या प्रक्रिया काय टाकून द्यायचं हे ठरवण्यासाठी असतात. आणि ही विद्या ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या माणसाला जन्मतः येते. त्याला फक्त तिची नावं माहीत नसतात.

पहिलं नाव स्क्वेल्च. एफएम रेडिओवर समोरून कुणी बोलत नसलं की संच गप्प बसत नाही. तो खर्रर्र करत राहतो. जहाजावर चोवीस तास 16 नंबरचं चॅनेल ऐकत राहावं लागतं. 156.8 मेगाहर्ट्झ, संकटाची आणि पहिल्या हाकेची जागा. चोवीस तास ती खर्रर्र ऐकली तर माणूस स्वतःच संकटात येईल. म्हणून स्क्वेल्चचं बटण. लोकांना वाटतं, हे बटण माणसाचा आवाज ओळखून स्पीकर चालू करतं. अजिबात नाही. ते माणसाकडे लक्षच देत नाही. माणसाच्या आवाजाच्या वरच्या पट्टीत खर्रर्र किती आहे तेवढंच ते बघत असतं. कुणाची रेडिओ लहर आली की एफएममध्ये ती खर्रर्र दबते. दबली, की स्पीकर उघडायचा. म्हणजे बोलणारा आला हे त्याला कळतं ते गोंगाट थांबल्यावरून.

हे साहेबांनी मला सांगितलं तेव्हा आतून काकूंचा आवाज आला, ‘म्हणूनच मी गप्प बसले की यांना कळतं काहीतरी झालंय.’

स्क्वेल्च लावण्याची रीत अशी: बटण फिरवत न्यायचं, खर्रर्र जिथे नुकतीच थांबते तिथे हात काढायचा. त्यापुढे फिरवलं की शांतता वाढत नाही, फक्त लांबच्या क्षीण हाका ऐकू यायच्या बंद होतात. साहेब स्वतः सकाळी पेपर वाचताना हे बटण शेवटपर्यंत फिरवून बसतात. ‘अहो, दूध’ ही हाक आत शिरत नाही. ‘अहो, दूध उतू गेलं’ ही थोडी शिरते. ‘अहो, तुमच्या त्या संचावर दूध सांडलं’ म्हटलं की स्पीकर एकदम उघडतो. शिवाय चांगल्या स्क्वेल्चला एक खोड मुद्दाम ठेवलेली असते. ज्या पातळीला तो उघडतो त्याच पातळीला मिटत नाही, जरा खाली गेल्यावर मिटतो. नाहीतर काठावरच्या हाकेला तो उघड-मीट, उघड-मीट करत बसेल. साहेब एकदा उघडले की जेवणापर्यंत मिटत नाहीत ते यामुळेच.

हॉलमध्ये दारासमोर एक घड्याळ आहे. चोरबाजारातून आणलेलं, जुन्या जहाजाच्या रेडिओ रूममधलं, पितळी चौकटीचं. तबकडीवर दोन लाल आणि दोन हिरव्या फाका रंगवलेल्या. मोर्सच्या काळात दर तासाला 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांत 500 किलोहर्ट्झवर सगळ्या जहाजांनी पाठवणं बंद करून नुसतं ऐकायचं, कुणी बुडणारा क्षीण आवाजात हाक मारत असेल तर ती ऐकू यावी म्हणून. त्या लाल फाका. तशाच 0 ते 3 आणि 30 ते 33 या हिरव्या फाका, बोलण्याच्या 2182 किलोहर्ट्झसाठी. साहेब अजूनही लाल फाका पाळतात. आलेला पाहुणा ‘आमच्या धाकटीचं ठरलं हो, मुलगा तिकडे’ इथवर येतो आणि काटा लाल फाकेत शिरतो. साहेब हात वर करतात. मुलगा तिकडे म्हणजे कुठे, करतो काय, हे सगळ्यांना अठराव्या मिनिटाला कळतं.

तीन मिनिटं डोंबिवलीत नुसतं ऐकलं तर काय ऐकू येतं? तीन घरांचे कुकर. त्यांतल्या एकाची शिट्टी होत नाहीये, नुसती फुसफुस चालली आहे. मागे येणाऱ्या टेम्पोचं गाणं. समोरच्या इमारतीतलं ड्रिल, जे त्या घराचं नूतनीकरण संपलं तरी चालू आहे. कल्याणहून सुटलेल्या फास्टचा हॉर्न. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही कायद्याने घातलेली मर्यादा आहे. आमच्या चौकात 55 डेसिबल ही अफवा समजली जाते. पण त्या तीन मिनिटांत साहेबांना स्वतः बोलायची बंदी असते, ही गोष्ट काकूंनी संसाराच्या सुरुवातीलाच हेरली. घरखर्चाचे, माहेरी जाण्याचे आणि नणंदेबद्दलचे सर्व महत्त्वाचे निर्णय त्या घरात पंधरा ते अठरा या मिनिटांत झालेले आहेत.

लाल फाका पाळण्यामागची कथा साहेब टायटॅनिकपासून सुरू करतात. 14 एप्रिल 1912 च्या रात्री जवळच बर्फात थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाच्या ऑपरेटरने टायटॅनिकला सांगायला घेतलं, की आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. तो इतका जवळ होता, की त्याचा आवाज टायटॅनिकच्या ऑपरेटरच्या कानात धाडकन आदळला. तो ऑपरेटर त्या वेळी लांबच्या केप रेस स्टेशनशी प्रवाशांच्या तारांची देवाणघेवाण करत होता. त्याने उलट कळवलं, गप्प बस, मी कामात आहे. कॅलिफोर्नियनवाला गप्प बसला, संच बंद करून झोपला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात टायटॅनिक हिमनगावर आपटली. ‘एजीसी असता,’ साहेब इथे मांडीवर थाप मारतात, ‘तर हे भांडणच झालं नसतं!’ एजीसी म्हणजे जवळचा मोठा आवाज आपोआप खाली ओढणारी आणि लांबचा बारीक आवाज वर उचलणारी सोय. आजच्या प्रत्येक संचात ती कुठल्या ना कुठल्या रूपात असते. माणसांत नाही. लांबच्या माणसाचं बारीक बोलणं जपून ऐकायचं आणि जवळच्यावर खेकसायचं, ही टायटॅनिकची पद्धत आमच्याकडे अमेरिकेत मुलगा असलेल्या सगळ्या घरांत चालू आहे.

तांडेलांच्या तक्रारी मात्र वेगळ्या. एकदा एक वयस्कर तांडेल आला. म्हणाला, ‘साहेब, समोरच्याला माझं बोलणं कळतच नाय. नुसतं मशीन ऐकू येतं म्हणतो.’ साहेबांनी संच उघडला. आत मिठाची पांढरी पुटं, जाळीवर खार, एका बाजूला माशाचा खवला. साफ केलं, वायरी तपासल्या, सगळं ठीक. मग माईक हातात घेतला. माईकला चहुबाजूंनी प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून वर रबर लावलेलं होतं.

‘ही कशाला?’

‘पानी जातं ना आत.’

साहेबांनी पिशवी सोडली, माईक उलटा केला आणि पाठीमागचं छोटं भोक त्याला दाखवलं. अशा माईकला पुढे आणि मागे दोन्हीकडून वाट असते. इंजिनाची धडधड लांबून येते, त्यामुळे ती पुढून आणि मागून जवळपास सारखीच पोचते आणि आत एकमेकींना खोडून टाकते. तोंड पुढच्या बाजूला अगदी जवळ असतं, म्हणून बोलणं पुढूनच जास्त शिरतं आणि ते शिल्लक राहतं. मागची वाट पिशवीने बंद केली की खोडाखोड बंद. मग इंजिनही बोलतं, तांडेलही बोलतो, आणि सहा सिलिंडरपुढे तांडेल हरतो.

‘दोन बोटं अंतर ठेवा, ओरडू नका, आणि पिशवी काढा,’ साहेब म्हणाले.

तांडेलाने भोकाकडे बराच वेळ पाहिलं. ‘म्हणजे इतकी वर्सं मी याचं नाक दाबून बोलत होतो?’

‘नाक नव्हे, कान,’ साहेब म्हणाले. पैसे त्यांनी घेतले नाहीत. पापलेट घेतलं.

ओरडू नका, हा साहेबांचा सगळ्यांत आवडता उपदेश. तो आमच्या भागात कुणीच ऐकत नाही. एफएममध्ये आवाजाचा मोठेपणा म्हणजे लहर मधल्या जागेपासून किती सरकली ते. बोटीच्या व्हीएचएफमध्ये दोन्ही बाजूंना 5 किलोहर्ट्झ, त्यापुढे नाही. त्यापुढे गेलं तर शेजारच्या चॅनेलवर घुसखोरी होते, म्हणून संचात लिमिटर असतो. तुम्ही कितीही किंचाळा, तो शेंडा छाटून टाकतो. समोरच्याला मोठा नव्हे, फाटका आवाज मिळतो. आणि पल्ला तर ओरडण्याने इंचभरही वाढत नाही. तो वाढतो अँटेना उंच नेल्याने, कारण या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. पण शहर जितकं लांब तितका आवाज मोठा, हा आमच्याकडचा नियम फार जुना आहे. ठाण्याला फोन करायचा तर नेहमीच्या आवाजात, पुण्याला जरा चढा, आणि न्यू जर्सीला बोलायचं तर खिडकी बंद करून घेतात. खिडकी बंद केली तरी आम्हाला सुनेचं नाव, तिचा स्वभाव आणि तिने आणलेल्या कुत्र्याचं वय या सगळ्याची माहिती मिळते.

पट्टीचीही तीच गत. हे संच माणसाचा साधारण 300 ते 3000 हर्ट्झ एवढाच आवाज घेतात. त्याच्या खालचा घुमार नको, वरचा सळसळाट नको. बोलणं समजायला तेवढं पुरतं. पुरतं म्हणजे बहुतेक पुरतं. आवाजाचा जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. त्यातही ‘स’ आणि ‘फ’ यांचा फरक ज्या सळसळीत असतो ती 3000 च्या वर राहते आणि छाटली जाते. म्हणूनच दर्यावर्दी लोक नाव सांगताना प्रत्येक अक्षराला अल्फा, ब्राव्हो, चार्ली असा शब्द लावतात. आम्ही लावत नाही. साहेबांनी एकदा मला वॉकीटॉकी देऊन गल्लीच्या टोकाला पाठवलं आणि विचारलं, ‘कुठे आहात?’ मी म्हणालो, ‘फडके रोड.’ तिकडून उत्तर आलं, ‘सडके रोड, समजलं.’ पावसाळा चालू होता. दोघांनाही दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

छाटण्याच्या या कामात कारागिरीही बरीच आहे. एफएममध्ये खर्रर्र वरच्या पट्टीत जास्त असते. म्हणून पाठवताना बोलण्याची वरची बाजू मुद्दाम चढवून पाठवतात आणि ऐकताना तितकीच उतरवतात. बोलणं मूळ पदावर येतं, आणि त्याच्याबरोबर वाटेत मिसळलेली खर्रर्रही खाली बसते. लग्नाच्या बोलणीत मुलाचा पगार याच पद्धतीने सांगितला आणि ऐकला जातो, त्यामुळे समजावून सांगायला साहेबांना फार वेळ लागला नाही.

खरा आदर मात्र साहेबांना वाटतो लोकलमधल्या विक्रेत्याचा. पिना, रबरं, लसूण सोलायची नळी विकणारा हा माणूस ओरडत नाही. नीट ऐका. तो आवाज नाकात घेतो, खालचा घुमार टाकून देतो आणि सगळा जोर एका अरुंद वरच्या पट्टीत आणतो. माणसाचा कान सगळ्यांत तिखट असतो तो साधारण 2000 ते 4000 हर्ट्झला. गाडीचा खडखडाट आणि गप्पांचा गलका मुख्यतः त्याच्या खाली. त्यामुळे डब्यात दोनशे बायका एकदम बोलत असतात आणि तरी ‘धाला एक, धाला एक’ शेवटच्या सीटपर्यंत स्वच्छ पोचतं. ‘दहा’चा ‘धा’ होतो हेही बघा, तेवढंच कमी पाठवायचं. साहेब म्हणतात, यात कुणीही इंजिनियर सुधारणा करू शकणार नाही. उलट आमच्या भागातल्या एका स्टेशनवर (नाव सांगत नाही, रोज जायचं असतं) स्पीकर इतके जास्त आणि इतक्या लांबवर लावलेले आहेत, की आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जात असल्यामुळे लांबच्या स्पीकरमधली गाडी जवळच्या स्पीकरमधल्या गाडीच्या मागून येते. प्रवाशांना एका उद्घोषणेत दोन गाड्या मिळतात. प्रत्यक्षात एकही नसते.

गणपतीत साहेबांनी मंडळाला एक प्रस्ताव दिला होता. डीजेला हरकत नाही. मात्र तो मरीन व्हीएचएफच्या स्पीकरमधून वाजवावा. 300 हर्ट्झच्या खालचं सगळं गेलं की छातीत बसणारे ठोके जातात, मागे राहते किरकिर, आणि ती ऐकून पोरं आपण होऊन घरी जातील. मंडळाने प्रस्तावाचं स्वागत केलं आणि त्यांच्याकडून दुप्पट वर्गणी घेतली.

सोसायटीच्या वार्षिक सभेचं वर्णन करायला साहेबांकडे ‘कॅप्चर इफेक्ट’ आहे. विमानात आजही जुन्या एएम पद्धतीने बोलतात. दोघं एकदम बोलले तर कानात शिटी वाजते. काय बोलले ते कळत नाही, पण दोघं होते हे कळतं. बोटीवरच्या एफएममध्ये तसं नाही. दोघांत जो थोडासा जबर असतो, संच त्याचाच होतो. दुसरा पूर्ण नाहीसा. तो बोलत होता हेसुद्धा कुणाला कळत नाही, आणि बटण दाबलेलं असल्यामुळे आपलं कुणी ऐकलं नाही हे त्यालाही कळत नाही. आमच्या सभेच्या इतिवृत्तात गेली कित्येक वर्षं ‘सर्वानुमते मंजूर’ असं येतं ते खोटं नाही. सेक्रेटरींच्या संचावर तेवढंच ऐकू आलेलं असतं.

आणि माईक अडकणं! बोटीवर कुणी माईकवर जाडजूड काही ठेवलं किंवा स्वतःच बसला की बटण दाबलेलं राहतं, आणि आसपासच्या सगळ्या बोटींचं ते चॅनेल बंद पडतं. त्यात त्या बोटीवरची घरगुती भांडणं, जेवणाचा बेत, मालकाबद्दलची खरी मतं सगळ्या समुद्राला ऐकू जातात आणि कुणालाच त्याला थांबवता येत नाही, कारण जो बोलतोय त्याचा संच ऐकत नसतो. यावर उपाय म्हणून बऱ्याच संचांत पाचेक मिनिटांनी बोलणाऱ्याला आपोआप तोडणारा टायमर असतो. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, फुले कलामंदिर या तिन्ही ठिकाणी ‘मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे’ असं म्हणून उभ्या राहिलेल्या पाहुण्यांना साहेबांनी पहिल्या रांगेतून ऐकलं आहे. प्रत्येक वेळी त्यांचा अंगठा आपोआप खुर्चीच्या हातावर काहीतरी शोधत असतो.

आता नव्या संचांत डिजिटल गोंगाटनाशक येतं. बोलण्याच्या फटींमध्ये ते पार्श्वभूमीचा आवाज शिकून घेतं आणि मग चालू बोलण्यातून तो वजा करतं. इंजिनासारखा एकसुरी आवाज छान जातो. पण हिशेब जरा चुकला तर मागे पाण्यात बांगड्या वाजल्यासारखी किणकिण राहते, आणि कुणी फारच एकसुरी बोलणारा असला तर यंत्र त्यालाही इंजिन समजून वजा करू पाहतं. (उद्घाटनाच्या भाषणांसाठी हे यंत्र ताबडतोब घ्यावं असं माझं मत आहे.) काही हातसंच तर स्पीकरच्या जाळीत पाणी शिरलं की जाड आवाजात थरथरून ते स्वतः बाहेर फेकतात. साहेबांनी मला ते करून दाखवलं. ब्र्र्र्र केलं, टेबलावर चार थेंब पडले. कौतुकाने बघत असले तरी साहेबांचा या डिजिटल प्रकारावर विश्वास नाही. ‘आमच्या वेळी फिल्टर दोन कानांच्या मधे असायचा,’ ते म्हणतात. ते खरंही आहे. एकाच वेळी आठ-दहा स्टेशनं किणकिणत असताना त्यातला आपला सूर तेवढा पकडून बाकीचे सोडून देणं ही त्या लोकांची रोजची भाकरी होती.

तसा फिल्टर आमच्या इमारतीत आणखी एका माणसाकडे आहे, पण त्यांनी समुद्र फक्त जुहूला पाहिला आहे. संचात ‘ड्युअल वॉच’ म्हणून सोय असते. तुम्ही दुसऱ्या कुठल्याही चॅनेलवर असा, संच मधूनमधून क्षणभर 16 नंबरवर डोकावून येतो. काकू संध्याकाळी मालिका बघत असतात. त्याच वेळी त्यांना कुकरची शिट्टी मोजता येते, खालच्या मजल्यावरच्या सूनबाई फोनवर कुणाशी बोलताहेत ते कळतं, लिफ्ट कितव्या मजल्यावर अडली ते सांगता येतं, आणि साहेबांनी स्वयंपाकघरात फरसाणाच्या डब्याचं झाकण अगदी बोट लावून, आवाज न करता उघडलं तरी ‘डॉक्टर काय म्हणाले होते?’ असा संदेश तत्काळ सुटतो. असला रिसीव्हर कुठल्याही कंपनीला जमलेला नाही.

जलमार्ग सुरू झाला की खाडीतल्या फेऱ्यांवर व्हीएचएफ लागणार, आणि बोलण्याची शिस्तही लागणार, ही साहेबांची सध्याची काळजी. ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं नाव, मग थोडक्यात काम, मग ओव्हर. एका वेळी एकानेच बोलायचं, बटण सोडल्याशिवाय ऐकू येत नाही. मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, आपली माणसं शिकतील. मग आम्ही दोघांनी गॅलरीत तालीम करून पाहिली.

‘कोलशेत, कोलशेत, धिस इज डोंबिवली. ओव्हर.’

‘हां डोंबिवली, बोला. कोण, जोशी का? ओव्हर.’

‘जोशी नाही, फेरी. गर्दी किती आहे? ओव्हर.’

‘गर्दी आहे, पण तुम्ही या, उभं राहायला होईल. दारात उभे राहू नका मात्र. ओव्हर.’

‘बोटीला दार नसतं. ओव्हर.’

‘मग डोंबिवलीकर लटकणार कुठे? ओव्हर.’

साहेबांनी तालीम तिथेच थांबवली.

गेल्या वर्षी साहेबांना स्वतःला कमी ऐकू येऊ लागलं. वरच्या पट्ट्या आधी गेल्या. ‘स’ आणि ‘फ’ त्यांच्यासाठी कायमचे एक झाले. ठाण्याला जाऊन त्यांनी श्रवणयंत्र बसवून घेतलं. तपासणाऱ्या मुलीने समजावून सांगायला सुरुवात केली, की आजोबा, यात कॉम्प्रेशन असतं, म्हणजे मोठा आवाज कमी होतो आणि बारीक मोठा होतो. दोन मायक्रोफोन असतात, मागचा आवाज वजा होतो. पंख्यासारखा एकसुरी आवाज आपोआप काढला जातो. साहेबांनी तिला कॉम्प्रेशनचा अटॅक टाइम किती ठेवला आहे असं विचारलं. तिने आतून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. साहेब बाहेर आले ते विजयी मुद्रेने. आयुष्यभर बोटींवर जे बसवलं तेच आता कानात बसलं, एवढंच, आणि किंमत बोटीच्या संचाच्या कितीतरी पट. सोबत पापलेट नाही.

यंत्र मोबाइलवरून चालतं. त्यात निरनिराळे कार्यक्रम असतात: शांत खोली, हॉटेल, प्रवास, टीव्ही. आवाज वरखाली करायची सोय, गोंगाट किती छाटायचा त्याची पट्टी, आणि पूर्ण बंद करायचंही एक बटण. साहेबांचा फोन जुना आहे; त्यात ते ॲप चढेना. म्हणून ते काकूंच्या फोनमध्ये घातलं.

परवाच्या सोसायटीच्या सभेत साहेब पहिल्या रांगेत होते, काकू मागे बायकांत. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. साहेब दर वर्षी या विषयावर उठतात आणि मग पंप, मोटरचा आवाज, त्याचे हार्मोनिक्स असं करत सभा साडेअकराला नेतात. यंदा सेक्रेटरी बोलत होते, दोन-तीन जण एकदम ओरडत होते, आणि साहेब अतिशय प्रसन्न चेहऱ्याने समोर बघत बसले होते. टाकीचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मी वळून मागे पाहिलं. काकू फोनवर अंगठा ठेवून शेजारणीला मेथीच्या लाडवांचं प्रमाण सांगत होत्या.

‘काकू, वाढवा आता,’ मी खुणेने म्हटलं.

‘थांब रे,’ त्या म्हणाल्या, ‘पार्किंगचा विषय होऊन जाऊ दे.’